पानं किती मांडायची?

निवांत बसा. हे मनन डोळे मिटून करायचं नाही. डोळे उघडे असू द्यात, फक्त हातातलं काम बाजूला ठेवा. मनात एकच प्रश्न घ्यायचा आहे: आपल्या घरात माणसं किती? उत्तर लगेच येईल. चार, पाच, कदाचित दोनच. आलेला आकडा असू द्या. त्याची उलटतपासणी आत्ता नको.

आता मनानेच उज्जैनला चला. काळ अठराव्या शतकाचा. माळवा पेशव्यांच्या सरदारांकडे येऊन थोडी वर्षं झाली आहेत. साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे राणोजी शिंदे इथे ठाणं करून आहेत. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ नव्याने उभं केलं आहे. क्षिप्रेच्या घाटावर मराठी कानावर पडते. शिंद्यांचा मुक्काम ग्वाल्हेरच्या लष्करला हलेल तो १८१० मध्ये. तोवर सत्तर-ऐंशी वर्षं दख्खनेतून माणसं येतच राहतात. शिलेदार येतो, त्याच्या मागे कारकून, कारकुनामागे भिक्षुक, आणि भिक्षुकामागे त्याची विधवा बहीण.

यांतलं एक घर डोळ्यांपुढे आणा. सरदाराचा वाडा नको. मध्यम स्थितीतल्या कारकुनाचं घर घ्या, कार्तिक चौकाच्या आसपासचं. ओसरी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, बाजूला कोठीची खोली, परसात विहीर. घराला आडनाव देऊ नका. आडनाव दिलं की आपण गोष्ट रचायला लागतो, आणि आपल्याला करायची आहे मोजणी.

जेवणवेळ होत आली आहे. चुलीपाशी सोवळ्यात बसलेली बाई मान न वळवता विचारते, “सूनबाई, पानं किती मांडायची गं?”

सूनबाई लगेच उत्तर देत नाही. ती का थांबली, याच्याशी जरा थांबा. हिशेब सोपा नाही.

घरचा कर्ता, म्हणजे कारकून, एक. त्याची आई. त्याच्या पहिल्या बायकोची दोन मुलं. ती बायको तिसऱ्या बाळंतपणात गेली. दुसरी बायको म्हणजे ही सूनबाईच, सोळा-सतरा वर्षांची, मांडीवर तान्हं. धाकटा दीर फौजेबरोबर गेलेला, त्याची बायको इथे. चुलीपाशी बसलेली कर्त्याची आत्या, बालविधवा, सगळं आयुष्य भावाच्या आणि मग भाच्याच्या घरी. एक पोरका भाचा. कोकणातून आठ दिवसांसाठी आलेले आणि तीन वर्षं झाली तरी ओसरीवरच असलेले एक काका, कोणाचे ते आता नेमकं कोणालाच सांगता येत नाही. आज मंगळवार, म्हणून वाराने जेवायला येणारा विद्यार्थी. आणि परसात भांडी घासणारी बाई, तिची पोर.

हळूहळू मोजा. कुठे बोट अडखळतं ते बघा.

बहुतेकांचं बोट पहिल्यांदा विद्यार्थ्यापाशी अडखळतं. त्याचं घर कोणतं? सोमवारी एका घरी, मंगळवारी या घरी, बुधवारी तिसऱ्या. सात घरांनी त्याला वाटून घेतलं आहे. तो झोपतो देवळाच्या धर्मशाळेत, शिकतो शास्त्रीबुवांकडे, जेवतो सात ठिकाणी. प्रत्येक घराने त्याला सातावा हिस्सा मोजायचा का? की सहा दिवस विसरून सातव्या दिवशी पूर्ण? उज्जैनच्या मातीत हा प्रश्न फार जुना आहे. सांदीपनींच्या आश्रमात कृष्ण, बलराम आणि सुदामा शिकायला राहिले अशी कथा. कृष्ण तिथे चौसष्ट दिवस होता असं सांगतात, आणि गुरुपत्नीसाठी लाकडं आणायला गेला होता. त्या चौसष्ट दिवसांत कोणी मोजदाद करायला आला असता, तर त्याने कृष्णाला कुठे लिहिलं असतं? मथुरेच्या वसुदेवाच्या घरात, की सांदीपनींच्या? आणि ‘नातं’ या रकान्यात काय भरलं असतं? याचं उत्तर द्यायची गरज नाही. प्रश्न तोंडात थोडा वेळ धरून ठेवा, एवढंच.

मग बोट परसाकडे वळतं. ती बाई मोलकरीण नव्हे, कुणबीण आहे. त्या काळी कुणबिणी विकत घेतल्या जात, विकल्या जात, हुंड्याबरोबर दिल्या जात. पेशवाईच्या कागदपत्रांत त्यांची खरेदी-विक्री किमतीसकट नोंदलेली सापडते. म्हणजे तिचं नाव कागदावर आहे. पण ते माणसांच्या यादीत नाही, रकमांच्या यादीत आहे. ती कोठीच्या खोलीच्या दाराशी झोपते. पहाटे सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या शेवटी जेवते, तेही पानावर नव्हे. तिच्या पोरीचा बाप कोण, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे आणि तोंडाने कोणी काढत नाही.

इथे जरा जास्त वेळ बसायला हवं. एकत्र कुटुंबाचं कौतुक करताना आपण तिच्यापर्यंत पोचतच नाही. आजी, नातवंडं, माजघरातली गप्पांची मैफल इथवर चित्र छान येतं. चित्राची चौकट परसाच्या अलीकडे संपते. आता चौकट थोडी पुढे सरकवा. बाई भांडी विसळते आहे. राख, पाणी, नारळाची शेंडी. पोर पायरीवर बसून आतल्या मुलांचा पाढ्यांचा घोष ऐकते आहे. तिला बेचे पाढे पाठ झाले आहेत, हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

सूनबाईने उत्तर दिलं. तिने सांगितलेल्या आकड्यात या दोघी नव्हत्या.

आता या घरातून बाहेर पडून रामघाटावर चला. घाटावर तीर्थपुरोहित बसलेले आहेत. त्यांच्यापाशी लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या आहेत. आपलं गाव आणि कुलनाम सांगितलं की वही उघडते. पणजोबा, आजोबा, त्यांचे भाऊ, त्यांचे मुलगे. कोण कधी आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं. मराठी घराण्यांची जुनी पानं मोडीतली, कित्येकदा आलेल्या माणसाच्या स्वतःच्या हातची. आजही मुंबई-पुण्याहून गेलेला माणूस तिथे पणजोबांची सही बघतो आणि गप्प होतो. हे गप्प होणं खरं आहे. त्याची थट्टा नको. पण वही वाचताना एक लक्षात ठेवा. ती वंश मोजते, घर मोजत नाही. मुलगे आहेत, मुली क्वचित. आत्या तर लग्न होऊन दुसऱ्या गोत्रात गेली, तिकडे विधवा झाली आणि परत इकडेच आली. म्हणजे चाळीस वर्षं जिने या घराची चूल सांभाळली, ती या घराच्या पानावर नाही. काका नाहीत, विद्यार्थी नाही. आणि दुसरीकडे, लहानपणीच दत्तक जाऊन पुण्याला राहणारा भाऊ, ज्याने या घरात कधी घास खाल्ला नाही, तो जुन्या नोंदीत ठळक आहे.

वही चुकीची नाही. तिला जे हवं होतं ते तिने नेमकं टिपलं. कोणतीही यादी वाचताना ती कोणासाठी केली होती, हे आधी विचारायचं, इतकी सवय या मननातून लागली तरी पुरे.

थोडं दूर जाऊ. त्याच काळात, जगाच्या वरच्या टोकाला, नॉर्वेत. तो देश तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. तिथे पहिली शिरगणती १७६९ मध्ये झाली, पण ती नुसत्या आकड्यांची. नावानिशी गणती झाली ती १ फेब्रुवारी १८०१ या दिवसाची. खेड्यांत गावचा धर्मगुरू आणि शहरांत सरकारी अंमलदार यांनी घराघराची यादी केली. बर्गन हे तिथलं तेव्हाचं सगळ्यात मोठं शहर. तिथल्या एखाद्या घराची यादी अशी उतरते: आधी घरधनी, मग त्याची बायको, मुलं, मग घरी असली तर म्हातारी सासू, मग नोकर, मोलकरणी, धंदा शिकणारी पोरं, आणि शेवटी भाड्याने राहणारे. प्रत्येकापुढे घरातलं स्थान, वय, धंदा, आणि लग्न झालेलं असेल तर ते पहिलं की दुसरं. ही शेवटची नोंद मला फार बोलकी वाटते. सरकारी कागदाने विचारलं, तुमचं हे कितवं लग्न? आणि त्यामुळे मेलेली पहिली बायको नवऱ्याच्या नावापुढच्या एका आकड्यात शिल्लक राहिली. आपल्या कारकुनाच्या घरातली ती बाळंतपणात गेलेली बाई अशी कुठेच शिल्लक नाही.

बर्गनच्या त्या यादीत मोलकरीण घराचा भाग म्हणून लिहिली जाते. पण तिची आणि आपल्या परसातल्या बाईची बरोबरी करू नका. उत्तर युरोपात शेतकऱ्याची मुलगी वयात आली की काही वर्षं दुसऱ्याच्या घरी चाकरीला जाई, चार पैसे गाठीला बांधी, आणि उशिरा लग्न करून स्वतःच्या घराची मालकीण होई. चाकरी हा तिच्या आयुष्यातला एक टप्पा होता. कुणबिणीच्या आयुष्यात टप्पे नव्हते.

ज्या वर्षी बर्गनमध्ये ही गणती झाली, त्याच वर्षी, जुलै १८०१ मध्ये, यशवंतराव होळकरांनी उज्जैनपाशी शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. अशा महिन्यात कारकुनाच्या घरी सूनबाईने पानांचा हिशेब कसा केला असेल? काही माणसं पळून आलेली, काही पळून गेलेली. मोजायला बसावं तर घर स्थिर नाही. शांत वर्षीही ते स्थिर नसेच. दसऱ्याला शिलंगण झालं की मुलूखगिरीला फौजा बाहेर पडत; घरं रिकामी होत, पुरुषांच्या खुंट्या मोकळ्या दिसत. पावसाच्या तोंडाला छावण्या पडत, तेव्हा जगलेले परतत. म्हणजे घरात माणसं किती, याचं उत्तर आषाढात एक आणि माघात दुसरं. नॉर्वेतही फेब्रुवारी म्हणजे लोफोटेनच्या बेटांवर कॉड मासळीचा हंगाम. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या घरांतले पुरुष तेव्हा समुद्रावर असत. हिवाळ्यातली त्यांची रिकामी खाट आणि आपली रिकामी खुंटी, दोन्ही एकदा शेजारी ठेवून बघा.

आणि खुद्द शिंद्यांचं घर? राणोजींना पाच मुलगे. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरजवळ मारेकऱ्यांच्या हातून गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर पडले. जयाप्पांचा कोवळा मुलगा जनकोजी पानिपतानंतर मारला गेला. महादजी पानिपतावरून पायाने अधू होऊन परतले आणि पुढे हिंदुस्थानचं राजकारण त्यांनी हलवलं. पण १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडीला ते वारले तेव्हा गादीवर बसायला मुलगा नव्हता. दत्तक दौलतराव आले, आणि काही वर्षांतच महादजींच्या विधवा आणि हा दत्तक मुलगा यांच्यात उघड युद्ध पेटलं. एवढं मोठं घराणं; त्याच्या आतली रचना पाहिली तर विधवा, दत्तक, आणि रणात पडलेल्यांची नावं. वंशावळीत फांद्या भरगच्च दिसतात. घरात शिरलं की बायका दिसतात, ज्यांचे नवरे नाहीत.

इथे एक समजूत हळूच काढून ठेवायला हरकत नाही. पूर्वी सगळी घरं वीस-पंचवीस माणसांची असत, ही ती समजूत. पीटर लॅस्लेट या इंग्रज इतिहासकाराने जुन्या याद्या तपासून दाखवलं की इंग्लंडात सोळाव्या शतकापासून विसाव्याच्या उंबरठ्यापर्यंत घराचा सरासरी आकार पावणेपाच माणसांच्या आसपास राहिला. आपल्याकडे अ. म. शाह यांनी गुजरातेतल्या एका गावाच्या १८२५ च्या नोंदी पाहून जुन्या काळीही लहान घरंच पुष्कळ होती हे मांडलं. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची तपशीलवार पाहणी थॉमस कोट्स या सर्जनने १८१९ मध्ये केली, आणि त्याच गावावर गो. स. घुर्ये यांनी १९६० मध्ये पुस्तक लिहिलं. आकडेवारीत फार शिरायला नको. एवढंच ध्यानात घ्या की तीन पिढ्या एका छपराखाली नांदायच्या तर पहिली पिढी तितकी जगायला हवी. देवी, पटकी, बाळंतपण आणि दुष्काळ यांतून आजोबा नातवाची मुंज बघायला उरले, तर ते नवल. एकत्र कुटुंब ही पुष्कळांची इच्छा होती. ती पुरी करायला आयुष्यं पुरत नव्हती.

पुन्हा उज्जैनला या. भाद्रपदाचा वद्य पक्ष आहे. सिद्धवटाच्या घाटावर, गयाकोठ्यावर, गर्दी आहे. कारकून महालयाचं श्राद्ध करतो आहे. इथे भटजी जी नावं विचारतात ती कान देऊन ऐका. बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. मग सापत्न आई. आईकडचे तिघं. पुढे बायको, मुलगा, भाऊ, काका, मामा, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, सासरा. त्यानंतर गुरू, शिष्य, आप्तमित्र. वही ज्यांना गाळते त्यांतले कित्येक इथे दर्भ आणि तिळांबरोबर हजर होतात. पहिली बायको आली. वाराने जेवणारा विद्यार्थी मोठा होऊन शास्त्री झाला तर कुठेतरी गुरू म्हणून त्याचंही नाव घेतलं जाईल. ज्यांच्यामागे कोणीच नाही अशांसाठी धर्मपिंड असतो. परसातली बाई त्यात आली की नाही, हे कारकुनाच्या मनावर सोपवलेलं आहे. तिचं नाव त्याने मनात तरी घेतलं का, इथे तुमचं मन काय म्हणतं ते पाहा. मला वाटतं, घेतलं नसेल. आत्याने घेतलं असेल.

आता तुमचा मघाचा आकडा काढा.

त्यात कोण आहे? पुण्यात नोकरीला असलेला मुलगा धरला होता का? दर महिन्याला पैसे पाठवतो, रोज रात्री फोन करतो, त्याची खोली तशीच ठेवली आहे. गावी एकट्या राहणाऱ्या आई धरल्या होत्या? रात्रंदिवस सोबतीला ठेवलेली मुलगी, जी तुमच्याच घरी झोपते, तुमच्याच भांड्यातलं जेवते, तिला धरलं होतं? नाही ना? लाजायचं कारण नाही. उज्जैनची सूनबाईही अशीच मोजत होती. फक्त पुन्हा एकदा मोजा, आणि या वेळी स्वयंपाकघरातून सुरुवात करा. रात्री कणीक किती जणांची भिजते?

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची व्याख्या केली तेव्हा एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि परस्परांतलं नातं असे सगळे धागे तीत गुंफले. भारताची जनगणना त्यांतले दोनच उचलते: जी माणसं एरवी एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातलं जेवतात, ते एक कुटुंब. नातं असो वा नसो. अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या घराला ही कसोटी लावली असती तर दत्तक गेलेला भाऊ गळला असता आणि कुणबीण तिच्या पोरीसकट आत आली असती. सरकारी व्याख्येचं कौतुक सहसा कोणी करत नाही. या व्याख्येचं मात्र करावं असं मला वाटतं.

अर्थात व्याख्येलाही हद्द आहे. उज्जैनमधल्या एका मराठी घरात पुढे दोन भाऊ वाढले. गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले, शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे. मातृभाषेच्या रकान्यात दोघांचं उत्तर एकच आलं असतं. घराच्या आत काय चाललं आहे ते रकान्याला कळत नाही. पण घरात कोण आहे, एवढं तरी कळायला हवं, आणि ते सांगणं आपल्या हातात आहे.

२०११ च्या जनगणनेत उज्जैन शहराची लोकसंख्या ५ लाख १५ हजारांवर भरली होती. त्यानंतर तिथे २०१६ चा सिंहस्थ झाला, पुढचा २०२८ मध्ये आहे, आणि मधे देशाच्या नव्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरली आहे. घरात जोडपी किती, खोल्या किती, स्वयंपाकघर वेगळं आहे का, असलेही प्रश्न त्यात असतात. मोजायला आलेली व्यक्ती बहुधा एखादी शिक्षिका असेल, उन्हातून आलेली. तिला पाणी द्या, बसवा, आणि दारातूनच “आम्ही चौघं” असं सांगून वाटेला लावू नका. तुमच्या घरी राहून तुमच्या चुलीवरचं जेवणाऱ्या प्रत्येकाचं नाव सांगा. कामासाठी राहत असलेल्या मुलीला हाक मारून बाहेर बोलवा, आणि तिचं पूर्ण नाव, वय आणि शिक्षण तिचं तिलाच सांगू द्या.